अर्धा सल्ला : गुन्हा, सरकार आणि सल्लागार



गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवून विचारलं होतं की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने पोलीस, कायदा आणि गुन्हेगारी या विषयांत कशाला शिरावं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून एक जुनी आठवण सांगतो आणि तिथूनच आजच्या विषयाकडे वळतो.

आम्ही कॉलेजात बरीच वर्षं जॉन स्टुअर्ट मिल शिकवला. मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध 1859 चा. त्याला सडेतोड उत्तर दिलं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी, 1873 साली, एक आख्खं पुस्तक लिहून. समाज टिकवायचा तर सक्ती लागतेच, असं स्टीफन यांचं म्हणणं. फळ्याच्या एका बाजूला मिल आणि दुसऱ्या बाजूला स्टीफन, असा तो वाद आम्ही दरवर्षी रंगवायचो. एका वर्षी तास संपल्यावर सोलापूरकडचा एक विद्यार्थी टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, हे स्टीफनसाहेब म्हणजे हिंदुस्थानात कायदे करायला आले होते तेच ना? मग माझ्या आजोबांना रोजची हजेरी लावणारा कायदा त्यांच्याच वेळचा."

आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि खोटं कशाला बोला. ज्या माणसाचे विचार आम्ही पंधरा वर्षं शिकवत होतो, त्याच्या विचारांचं या देशात काय झालं हे आम्ही कधी शोधलंच नव्हतं. त्या मुलाच्या घरात मात्र ते तीन पिढ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून आम्ही या इतिहासाच्या मागे लागलो. आजचं व्याख्यान हे त्या मुलाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे, असं समजा.

आज आपण एवढंच पाहणार आहोत की, गुन्हेगारीचं काय करावं याबद्दल सरकारला सल्ला मिळतो, तेव्हा सरकार त्यातलं काय घेतं आणि काय ठेवून देतं. आपल्या सरकारी मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत, बंदोबस्त आणि तरतूद. गुन्हेगारीवरच्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्यात हे दोन भाग असतात. कोणावर नजर ठेवायची, कोणाला अडवायचं, हा बंदोबस्त. त्यांच्या पोटाची, शाळेची, घराची काय सोय करायची, ही तरतूद. बंदोबस्ताला हुकूम पुरतो. तरतुदीला पैसा लागतो, माणसं लागतात, वर्षानुवर्षं लक्ष द्यावं लागतं. आमचं म्हणणं असं की, गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडच्या सरकारांनी, मग ती परकी असोत की आपली, सल्ल्यातला पहिला अर्धा ताबडतोब घेतला आणि दुसरा अर्धा फायलीत ठेवला.

सुरुवात आपल्या जवळूनच करू. पुरंदरच्या परिसरातले रामोशी हे परंपरेने राखणदार. गडाची राखण, गावाची राखण, ही त्यांची कामं. त्याबदल्यात काही हक्क, काही जमिनी, काही धान्य. गावात चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही त्यांच्यावर असे. ही व्यवस्था फार न्यायाची होती असं आम्ही म्हणत नाही. गावगाड्यात त्यांची जागा खालचीच होती. पण गुन्हा रोखण्याचं काम आणि पोटाची सोय ही दोन्ही त्या व्यवस्थेत एकाच गाठीत बांधलेली होती. 1818 नंतर इंग्रजी अंमल आला, गडांची गरज संपली, हक्क गेले आणि ती गाठ सुटली. उमाजी नाईकांचं बंड 1820 च्या दशकातलं. 1832 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याचं रामोश्यांवरचं पुस्तक मुंबईत छापून निघालं. गंमत पाहा, पुण्यातल्या साहेब लोकांच्या बंगल्यांवर राखणीला रामोशीच ठेवले जात. ज्याला पगार मिळाला तो राखणदार झाला, ज्याचा हक्क गेला तो दरोडेखोर ठरला. जात तीच, माणसंही तीच.

आता त्याच काळात मध्य हिंदुस्थानात काय चाललं होतं ते पाहू. तिथे विल्यम स्लीमन ठगांच्या मागे होता. वाटसरूंचे खून पडत होते यात शंका नाही, आणि सरकारने काहीतरी करायलाच हवं होतं. अडचण पुराव्याची होती. खून एका मुलखात, प्रेत दुसरीकडे, साक्षीदार कोणी नाही. स्लीमनने माफीचे साक्षीदार तयार केले, त्यांच्या तोंडून टोळ्यांची माहिती घेतली, आणि ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. मग 1836 चा कायदा आला. त्याप्रमाणे अमुक खून अमक्याने केला हे शाबित करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत होता एवढं शाबित झालं की जन्मठेप, आणि तीही कायदा होण्याआधीच्या सामिलकीसाठीसुद्धा.

इथे जे घडलं ते नीट लक्षात घ्या. आतापर्यंत कायदा विचारत होता, तू काय केलंस? आता तो विचारू लागला, तू कोणांपैकी आहेस? टोळीत माणूस स्वतःहून जातो, म्हणून या प्रश्नाचं एक वेळ समर्थन करता येईल. पण वंशावळ एकदा कागदावर आली की पुढची पायरी फार लांब नसते. टोळीच्या जागी जमात आली की झालं. आणि जमातीत कोणी स्वतःहून जात नाही, तिथे जन्म घेतो.

ती पायरी 1871 साली चढली गेली. गुन्हेगार जमातींचा कायदा, त्या वर्षीचा सत्ताविसावा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा खात्याचे सभासद होते आमचे फिट्झजेम्स स्टीफन, 1869 ते 1872. त्यांच्याच कारकिर्दीत, त्यांच्या पाठिंब्याने हा कायदा झाला. त्यामागचा युक्तिवाद असा की, हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर.

आम्ही तर्कशास्त्रही शिकवलं आहे, म्हणून या युक्तिवादापाशी थोडं थांबतो. विणकराचा मुलगा विणकर होतो, कारण घरात माग असतो आणि त्याला दुसरं काही करू देत नाहीत. म्हणजे धंदा परिस्थितीतून येतो, रक्तातून नव्हे. मग परिस्थिती बदलली तर धंदा बदलेल, हा त्या युक्तिवादाचा सरळ निष्कर्ष निघायला हवा होता. कौन्सिलाने नेमका उलटा काढला. परिस्थिती तशीच ठेवली, उलट आणखी आवळली, आणि माणसाची नोंद केली. बंजाऱ्यांचंच घ्या. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून नेणं हा त्यांचा धंदा. रेल्वे आली आणि तो बसला. जंगलाचे कायदे आले आणि रानातून मिळणारंही बंद झालं. या लोकांचा धंदा कुठे गेला, हा प्रश्न कोणी सल्लागाराने ठासून विचारला असता तर इतिहास वेगळा झाला असता. विचारला गेलेला प्रश्न होता, हे लोक राहतात कुठे?

कायद्याचं काम कसं चाले? प्रांताच्या सरकारने एखादी जमात जाहीर केली की तिच्या माणसांची ठाण्यावर नोंद. गाव सोडायचं तर पास. ठरल्या वेळी हजेरी. पास नसताना सापडला तर शिक्षा. आणि जमात जाहीर करण्याचा निर्णय बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येणार नाही, असं कलम कायद्यातच घातलेलं.

पण आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं कलम दुसरंच आहे. जमात जाहीर करण्याआधी, ती गुन्हेगार का मानायची याची कारणं तर द्यायची होतीच. शिवाय त्या लोकांनी पुढे पोट कसं भरायचं याची व्यवस्थाही प्रांताच्या सरकारने कळवायची होती. म्हणजे तरतूद कायद्यात लिहिलेली होती! कलकत्त्याच्या कौन्सिलातल्या माणसांना ती सुचली नव्हती असं नाही. पण नोंदवही, पास आणि हजेरी गावोगावच्या ठाण्यांत पोचली, आणि पोटापाण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. अर्धा सल्ला म्हणतो तो हा.

आता स्टीफन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. 1872 साली त्यांनी आपल्याला पुराव्याचा कायदा दिला. फार बुद्धिमान काम. जुलै 2024 मध्ये नवा कायदा येईपर्यंत आपली न्यायालयं त्यावरच चालली. त्यात एक तत्त्व आहे. आरोपी वाईट चालीचा आहे, एवढं सांगून त्याच्यावरचा गुन्हा शाबित करता येत नाही. त्याने स्वतः आपल्या चांगल्या चालीचा पुरावा आणला तरच त्याला उत्तर म्हणून तो विषय निघू शकतो. केवढं न्यायाचं तत्त्व! आणि हे तत्त्व लिहिणारा माणूस आदल्याच वर्षी अशा कायद्याच्या पाठीशी उभा होता की ज्यात आख्ख्या जमातीची वाईट चाल सरकारी राजपत्रात छापली जाते आणि तिच्याविरुद्ध अपीलच नाही.

हा दुटप्पीपणा होता का? आम्हाला तसं वाटत नाही. स्टीफन प्रामाणिक होते. आमचा अंदाज असा की, पुराव्याचा कायदा लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायालयात उभा असलेला एक माणूस होता. जमातींचा कायदा करताना डोळ्यांसमोर माणूस नव्हता, वर्णन होतं. आणि मिलला तरी आपण डोक्यावर का घ्यावं? त्याने पस्तीस वर्षं लंडनच्या इंडिया हाउसमध्ये कंपनीची नोकरी केली, आणि स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही असं आपल्या निबंधात लिहून ठेवलं. फळ्याच्या दोन्ही बाजूंना हिंदुस्थानातला माणूस वगळलेलाच होता. हे आम्ही वर्गात सांगायला हवं होतं.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. 1871 चा कायदा आधी उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची सोय केली. 1911 च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांनाही लागू करता आला, बोटांचे ठसे आले, वसाहती वाढल्या. 1924 साली सगळं एकत्र केलं गेलं. आपल्या बाजूला सोलापूर, विजापूर, हुबळी इथे वसाहती झाल्या. सोलापूरच्या वसाहतीतली माणसं तिथल्या कापडगिरण्यांत कामाला जात. आजही सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला बरोबर तिथे नेतो. पुढे उभ्या राहिलेल्या वस्त्यांचं नावच आहे 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. त्यातला तो 'फ्री' शब्द कोणत्या किमतीचा आहे हे आता आपल्याला कळेल.

वसाहतींबद्दल एकतर्फी बोलणं बरोबर नाही. तिथे शाळा होती, दवाखाना होता, गिरणीत काम मिळत होतं. म्हणजे तरतूद आली, असं कोणी म्हणेल. आली, पण तारेच्या कुंपणाच्या आत आली. शाळा हवी तर हजेरी द्या, काम हवं तर पास घ्या. ज्या सोयी इतर नागरिकांना नुसत्या नागरिक म्हणून मिळायच्या, त्या इथे कैदेचा भाग म्हणून मिळाल्या. त्यामुळे माणसं सोयीलाही बिचकू लागली. आजही एखाद्या पालावर शिक्षक किंवा जनगणनेचा माणूस वही घेऊन गेला की लोक आधी आत जातात. वहीत नाव लिहिणं म्हणजे काय, याची आठवण घरात असते.

आणखी एक चक्र इथे समजून घ्यायला हवं. ज्यांच्यावर नजर, तेच जास्त पकडले जाणार. पास नसणं हाच गुन्हा, त्यामुळे नुसतं बाजाराला गेलं तरी शिक्षा. शिक्षा झाली की नोंद वाढली. नोंद वाढली की आकडे दाखवून म्हणायचं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? कायद्याने स्वतःच स्वतःचा पुरावा तयार केला. आज जुन्या नोंदी संगणकात भरून गुन्हा कुठे होईल याचं भाकीत करायचं, असे सल्ले जगभर सरकारांना दिले जातात. त्या सल्लागारांना आपण एवढंच विचारावं की नोंदी कोणी केल्या आणि कोणाच्या केल्या? यंत्र नवं असलं तरी वही जुनीच असू शकते.

आता स्वातंत्र्याकडे येऊ. नेहरूंनी 1936 सालीच नेल्लोरला या कायद्यावर कडक टीका केली होती. मद्रासने 1947 मध्ये तो रद्द केला. मग केंद्राने 1949 साली अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीचा सल्ला आम्हाला आदर्श वाटतो, कारण त्यात दोन्ही भाग स्पष्ट होते. एक, कायदा रद्द करा, आणि सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा करा, ज्यात जात आणि जन्म बघितला जाणार नाही. दोन, या लोकांच्या कल्याणासाठी आणि पुनर्वसनासाठी पैसा द्या.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. जमाती विमुक्त झाल्या. म्हणून विमुक्त समाज 31 ऑगस्ट हा मुक्तिदिन पाळतो. मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा 1959 चा. इतर राज्यांतही तसे कायदे झाले. म्हणजे बंदोबस्ताचा अर्धा पोचला. तरतुदीचं काय झालं? आश्रमशाळा निघाल्या, शिष्यवृत्त्या आल्या. महाराष्ट्रात चौदा विमुक्त जातींना तीन टक्के आरक्षण आहे, ते अनेक राज्यांत इतकंही नाही. यातूनच शिकलेली पिढी उभी राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि सुशिक्षित महाराष्ट्राला आपल्याच शेजाऱ्याची ओळख झाली. पण देशाच्या पातळीवर बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 साली अहवाल दिला तेव्हा असंख्य कुटुंबांना घर नव्हतं, जमीन नव्हती, आपण कोण हे सांगणारा कागद नव्हता. एके काळी ज्यांची नोंद ठाण्यात रोज व्हायची, त्यांची नोंद रेशनच्या यादीत नव्हती.

मग पुन्हा एक आयोग, भिकू रामजी इदाते यांचा. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने विमुक्त, भटक्या आणि अर्धभटक्या समाजांसाठी 'सीड' ही योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी 200 कोटी रुपये. वर्षाला 40 कोटी. रेणके आयोगाच्या अंदाजाप्रमाणे या समाजांची लोकसंख्या दहा कोटींच्या वर आहे. भागाकार आपणच करा. माणशी वर्षाला चार रुपयेसुद्धा नाहीत. 1952 पासून मोजलं तर सत्तर वर्षांनी आलेले चार रुपये.

हे फक्त एका समाजाबाबत घडतं असं नाही. 1855 साली मद्रासमध्ये छळाची चौकशी झाली, तेव्हा महसूल आणि पोलीस खात्याची माणसं रयतेला कशी छळतात हे सरकारी अहवालातच आलं. 1902-03 च्या फ्रेझर आयोगाने पोलीस खातं भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं सांगितलं. 1977 साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, त्याने 1981 पर्यंत आठ अहवाल दिले. पोलिसांवरची राजकीय पकड सैल करा, हा त्यातला मुख्य सल्ला. पंधरा वर्षं काही हललं नाही म्हणून प्रकाश सिंह 1996 साली न्यायालयात गेले, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. ते तरी सगळीकडे मनापासून पाळले गेले का, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. दुबळ्याला बांधा असा सल्ला वर्षभरात कायदा होतो. स्वतःला सुधारा असा सल्ला सरकारला पचायला पिढ्या लागतात.

मग सल्लागाराने काय करावं? सल्ला देणं सोडावं का? तसं केलं तर मैदान नुसत्या बंदोबस्तवाल्यांना मोकळं होईल. चोरी, दरोडा, खून हे खरे आहेत आणि त्यांची झळ गरिबालाच आधी लागते. पालावरच्या बाईलाही पोलीस हवा असतो, फक्त तिच्या बाजूने यावा असं तिला वाटतं. आम्हाला तीन गोष्टी सुचतात. पहिली, सल्ला माणसाच्या कृत्याबद्दल असावा, जन्माबद्दल नव्हे. दुसरी, बंदोबस्त आणि तरतूद एकाच हुकुमात, एकाच तारखेला लागू करायला सांगावं. तरतुदीचा पैसा आला नाही तर बंदोबस्तही थांबेल, अशी गाठ सल्ल्यातच मारून द्यावी. 1871 च्या कायद्यात तरतूद लिहिलेली होती, गाठ नव्हती. तिसरी, ज्यांच्याबद्दल सल्ला द्यायचा त्यांना कागद पक्का होण्याआधी विचारावं. कलकत्त्याच्या कौन्सिलात यांतलं कोणी नव्हतं. आयोगाच्या अध्यक्षपदी रेणके आले, ते स्वतः भटक्या समाजातले. तेवढं होण्यासाठी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतले जातीवर आधारलेले भेद रद्द केले. त्या नियमांत विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणारे उल्लेख अजून शिल्लक होते. कायदा गेल्यानंतर बहात्तर वर्षांनी ते खोडायला सांगावं लागलं.

त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी आम्ही म्हणालो होतो, "बघून सांगतो." तो हसला आणि म्हणाला, "सांगा सर, पण पुढच्या बॅचला वर्गात सांगा." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मिल आणि स्टीफन शिकवताना आम्ही फळ्यावर मधोमध एक आकडा लिहायचो, 1871. परीक्षेत त्यावर प्रश्न कधी आला नाही. मुलं तो वहीत उतरवून मात्र घ्यायची.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.